बर्फाविना हिवाळा: नातवंडांना काय सांगावे?



आपल्यापैकी अनेकांची नातवंडे आज फ्लोरिडा, टेक्सास, कॅलिफोर्निया अशा उष्ण भागांत वाढत आहेत. डिसेंबर उजाडला की त्यांच्या बालवर्गाच्या भिंतीवर कापसाचा बर्फ चढतो, खिडकीला कागदी हिमकण चिकटतात आणि गाजराच्या नाकाचा बर्फाचा माणूस रंगवायला मिळतो. बाहेर मात्र मुले अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात खेळत असतात आणि वर्गात एअर कंडिशनर चालू असतो. मग चार-पाच वर्षांचे मूल घरी येऊन विचारते, "आजी, आपल्याकडे हिवाळा कधी येणार?"

दक्षिण फ्लोरिडात बालवर्ग शिकवताना हा प्रश्न मी दरवर्षी ऐकला. "आपल्याकडे हिवाळा नसतोच" हे बहुतेक मोठ्या माणसांचे उत्तर. ते सोपे आहे, पण खरे नाही. शिवाय त्यातून मूल नकळत एक वाईट धडा घेते: पुस्तकात छापलेले तेवढे खरे, आणि आपल्या दारात दिसते ते काहीच नाही. तेव्हा या प्रश्नाचे खरे उत्तर काय, आणि ते लहान मुलाला कसे दाखवावे, हे या लेखात मांडते. हे काम आजी-आजोबांनी करावे असे मला वाटते, कारण बर्फाविना हिवाळा आपण स्वतः जगलो आहोत.

ऋतू किती?

शाळेत आपण तीन ऋतू शिकलो: उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. पुढच्या इयत्तेत गुरुजींनी तेच सहा करून सांगितले: वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर. अमेरिकेतल्या शाळेत ते चार होतात. आपल्या सिद्दूरमध्ये मात्र दोनच दिसतात. सुक्कोथच्या शेवटी शेमिनी अत्सेरेथला वारा आणि पाऊस देणाऱ्या देवाची स्तुती सुरू होते, ती पेसाहपर्यंत. तो पावसाळी हिवाळा. उरलेला कोरडा उन्हाळा.

म्हणजे ऋतूंची संख्या माणसांनी आपापल्या जमिनीवरून ठरवली. इस्राएलचा हिवाळा पावसाचा, कोकणातला कोरडा आणि थंड, न्यूयॉर्कचा बर्फाचा. फ्लोरिडाचा हिवाळा कोकणासारखाच कोरडा. तिथला पाऊस मे ते ऑक्टोबरात पडतो. गंमत अशी की इस्राएलबाहेरचे यहुदी 4 किंवा 5 डिसेंबरच्या रात्रीपासून पाऊस मागू लागतात, आणि मायामीत नेमका तेव्हाच आभाळात ढग नसतो. ही प्रार्थना तिथल्या हवामानासाठी लिहिलेली नाही, एवढे मुलाला सांगितले तरी पुरे.

शाळेतल्या चित्रांतला बर्फही असाच दुसरीकडून आलेला आहे. मुलांची बरीच पुस्तके न्यूयॉर्क आणि त्याच्या आसपासच्या थंड प्रांतात लिहिली गेली. ब्रुकलिनमध्ये यहुदी आईबापांच्या पोटी जन्मलेले एझ्रा जॅक कीट्स यांचे 'द स्नोई डे' हे 1962 सालचे पुस्तक पुष्कळ बालवर्गांत असते. पुस्तक सुंदर आहे, जरूर वाचून दाखवावे. फक्त वाचताना सांगावे की हा ब्रुकलिनचा हिवाळा. आता आपण आपला शोधू.

हिवाळा कशाने होतो?

पुष्कळ शिकलेली माणसेही म्हणतात की हिवाळ्यात पृथ्वी सूर्यापासून लांब जाते. 1987 साली हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदानाच्या दिवशी नव्या पदवीधरांना हाच प्रश्न विचारून एक चित्रपट काढला होता, आणि बहुतेकांनी हेच चुकीचे उत्तर दिले. खरे तर जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, सुमारे 14 कोटी 70 लाख किलोमीटरवर. जुलैत ती सुमारे 15 कोटी 20 लाख किलोमीटरवर असते.

कारण निराळे आहे. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. डिसेंबरात आपला उत्तर गोलार्ध सूर्याकडून मागे कलतो. त्यामुळे दोन गोष्टी घडतात: दिवस लहान होतो, आणि सूर्य आकाशात खालून जात असल्याने ऊन तिरपे पडते. तिरपे ऊन जास्त जागेवर पसरते, म्हणून कमी तापवते. हे समजावायला घावनाचे उदाहरण चांगले. एकच डाव पीठ छोट्या तव्यावर जाड बसते आणि मोठ्या तव्यावर पातळ पसरते. पीठ तेवढेच, पण पापुद्रा पातळ. हिवाळ्याचे ऊन असे पातळ असते.

पाच वर्षांच्या मुलाला आस, गोलार्ध हे शब्द सांगू नयेत. ते सात-आठ वर्षांचे झाले की संत्र्यात विणायची सुई खुपसून, दिव्याभोवती तिरपे फिरवून दाखवता येईल. तोवर त्याला फक्त खाली आलेला सूर्य आणि लांबलेली सावली दाखवावी. त्याच्या डोळ्यांना दिसेल तेवढेच त्याचे ज्ञान होते.

दारात दिसणारा हिवाळा

*सावली.* मायामीत जूनअखेर सूर्य माथ्यावर असताना मुलाची सावली त्याच्या पायांखाली लपते. डिसेंबरात त्याच वेळी ती त्याच्या उंचीपेक्षाही लांब पडते. अंगणात मुलाला उभे करून खडूने सावली काढावी, तारीख लिहावी, आणि दर महिन्याला पुन्हा काढावी. हा खेळ मुले कधी विसरत नाहीत.

*उजेड.* मायामीत सर्वांत लहान दिवस सुमारे साडेदहा तासांचा आणि सर्वांत मोठा पावणेचौदा तासांचा असतो. न्यूयॉर्कला हेच आकडे सव्वानऊ आणि पंधरा होतात. मुलाला आकडे नकोत. "उन्हाळ्यात जेवताना बाहेर उजेड होता, आता दिवा लावावा लागतो" हे त्याला पटते.

*झाडे.* मुंबईच्या शाळांच्या आवारातले बदामाचे झाड आठवते ना? मोठी पाने लाल होऊन गळायची आणि आपण फळे फोडून आतला बी खायचो. तेच झाड दक्षिण फ्लोरिडात किनाऱ्याला उभे आहे आणि तिथेही हिवाळ्यात त्याची पाने लाल होऊन गळतात. दलदलीतले सायप्रस तर या दिवसांत पूर्ण बोडके होते.

*पक्षी आणि प्राणी.* रॉबिन हा पक्षी उत्तरेकडच्या पुस्तकांत वसंताचा दूत असतो. फ्लोरिडात त्याचे थवे हिवाळ्यात येतात, म्हणजे पुस्तकाच्या अगदी उलट. आपल्याकडे शिवडीच्या खाडीत रोहित येतात आणि इस्राएलच्या हुला खोऱ्यात हजारो क्रौंच उतरतात, तेही याच दिवसांत. फ्लोरिडाच्या नद्यांतल्या मॅनेटी, म्हणजे समुद्रगाई, पाणी 20 अंश सेल्सियसच्या खाली गेले की उबदार झऱ्यांकडे येतात. ब्लू स्प्रिंग नावाच्या झऱ्यात त्या शेकड्यांनी जमतात, कारण तिथले पाणी बारमाही 22-23 अंश असते. आणि फारच गारठा पडला तर झाडांवरचे इग्वाना सरडे आखडून खाली पडतात. जानेवारी 2020 मध्ये मायामीच्या हवामान कार्यालयाने लोकांना तसा इशाराच दिला होता. ऊन लागले की त्यातले बरेचसे पुन्हा चालू लागतात. मुलांना ही गोष्ट कितीदाही सांगा, कमीच पडते.

*पिके.* चित्रातला हिवाळा म्हणजे ओसाड शेत. उष्ण प्रदेशात मात्र हिवाळा हाच भाजीपाल्याचा हंगाम. मायामीच्या दक्षिणेला होमस्टेडच्या शेतांत टोमॅटो आणि शेंगा हिवाळ्यातच निघतात. टॅम्पाजवळच्या प्लँट सिटी भागात स्ट्रॉबेरी याच दिवसांत पिकते. तिथे 1950 च्या दशकापर्यंत काही शाळांची मोठी सुट्टी उन्हाळ्याऐवजी हिवाळ्यात असे, कारण मुले आईबापांबरोबर स्ट्रॉबेरी तोडायला जात. त्या शाळांनी आपले वेळापत्रक आपल्या मातीवरून ठरवले होते.

हे वाचताना आपल्याला अलिबाग, रेवदंडा, पेण आठवल्याशिवाय राहणार नाही. भात कापून झाले की त्याच ओलीवर वाल पेरायचे. शेंगा भरल्या की पोपटी लावायची: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, मीठ, ओवा; मडके उपडे घालून भोवती जाळ. वालाचे बिरडे तर आपल्या घरांतले नेहमीचे. तो आपला हिवाळा होता. त्यात बर्फ नव्हता, पण हुडहुडी होती, शेकोटी होती आणि तोंडातून निघणारी वाफ होती. नातवंडांना हे सांगा. जगात त्यांच्यासारखाच हिवाळा असलेला आणखी एक गाव आहे, आणि तो त्यांच्याच आजीचा आहे, हे कळले की त्यांना आपला हिवाळा तोकडा वाटत नाही.

मग बर्फाचे काय?

बर्फ मुलापासून लपवू नये. फ्रीजमध्ये ट्रे भरून ठेवावा, तासातासाने उघडून दाखवावा, खडा हातावर ठेवून किती वेळ सोसवतो ते मोजावे. किसलेल्या बर्फाचा सरबत घातलेला गोळा करून द्यावा. कागदाचा हिमकण कापताना तो सहा कोनांचाच कापावा, कारण खरा हिमकण सहा बाजूंनीच वाढतो. आपल्या मागेन दावीदलाही सहा टोके आहेत, म्हणून आपल्या मुलांच्या हे लगेच ध्यानात राहते. व्हरमाँट राज्यातल्या जेरिको, म्हणजे आपल्या यरिहोचेच नाव घेतलेल्या गावी, विल्सन बेंटली या शेतकऱ्याने 1885 साली हिमकणाचे आपले पहिले छायाचित्र घेतले आणि पुढे जन्मभर अशी पाच हजारांवर चित्रे काढली.

मायामीतही 19 जानेवारी 1977 रोजी सकाळी बर्फाचे कण पडले होते. जमिनीवर मात्र टिकले नाहीत. पण बर्फ न पडताही थंडी काय करते याची एक गोष्ट आपल्या महाराष्ट्राशी जोडलेली आहे. 1889 साली अमेरिकन सरकारच्या शेतकी खात्याने पुण्याहून आंब्याची कलमे मागवून फ्लोरिडात लावायला दिली. 1894-95 च्या हिवाळ्यात भयंकर गारठा पडून तिथल्या संत्र्याच्या बागा जळून गेल्या. त्यातून लेक वर्थजवळचे मुलगोबा जातीचे एक झाड वाचले. त्याच्याच बीपासून 1902 साली कॅप्टन हेडन यांनी लावलेले रोप पुढे 'हेडन' आंबा म्हणून प्रसिद्ध झाले. बाजारात लाल गालाचा आंबा दिसला की नातवंडाला सांगावे, याची आजी पुण्याहून आली होती आणि तिने फ्लोरिडाचा हिवाळा सोसला.

आपल्या सणांतला हिवाळा

यहुदी मुलाला हिवाळा शिकवायला हनुक्कासारखा सण नाही. तो 25 किसलेवला लागतो, म्हणजे महिनाअखेरीस चंद्र क्षीण होत असताना, आणि वर्षातले लहान दिवसही तेव्हाच असतात. काळोख सर्वांत दाट, आणि आपण रोज एक दिवा वाढवतो. खिडकीबाहेर बर्फ असो वा नारळाचे झाड, काळोख सारखाच असतो.

तालमूदच्या अवोदा झारा या भागात एक गोष्ट आहे. आदामाने पहिल्यांदाच पाहिले की दिवस लहान होत चालले आहेत. तो घाबरला. आपल्या पापामुळे जग पुन्हा अंधारात बुडते आहे असे त्याला वाटले आणि त्याने आठ दिवस उपास व प्रार्थना केली. मग तेवेत महिन्याच्या संधीला दिवस मोठे होऊ लागलेले त्याला दिसले. ही तर जगाची रीतच आहे, असे समजून त्याने आठ दिवस आनंद केला. या गोष्टीत बर्फाचा एक कणही नाही, तरी ती हिवाळ्याचीच गोष्ट आहे.

त्यानंतर महिना-दीड महिन्याने तू बिश्वात येतो. इस्राएलमध्ये बदाम फुलतो. कोकणात, थंड रात्रींनी जागा केलेला आंब्याचा मोहोर दिसत असतो, आणि आपले लोक अलिबागजवळ खंडाळे येथे एलियाहू हन्नाबीच्या स्थानी जाऊन मलिदा करतात. दक्षिण फ्लोरिडातही याच सुमारास आंबा मोहोरतो. मलिद्याच्या ताटाशी मुलाला बसवून हा मोहोर दाखवला, की हिवाळा सरत आल्याचे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

एक काठी, चार गावे

शेवटी सर्वांना करता येईल असा एक प्रयोग सुचवते. 21 डिसेंबरला, आपापल्या गावी सूर्य सर्वांत उंच असताना, एक मीटरची काठी सरळ उभी धरावी आणि तिची सावली मोजावी. मुंबईत ती सुमारे 91 सेंटिमीटर भरेल, मायामीत 116, अश्दोदला 144 आणि न्यूयॉर्कला दोन मीटरहून थोडी जास्त. ज्या गावी सावली लांब, तिथला सूर्य खाली आणि हिवाळा कडक. अश्दोदच्या आजोबांनी फोनवर आपला आकडा सांगावा, मायामीच्या नातवाने आपला, आणि मुंबईत कोणी नातेवाईक असेल तर त्यांचाही घ्यावा. आकडे एका कागदावर लिहून फ्रीजवर लावावेत. पाच वर्षांचे मूलही बोट ठेवून सांगेल की हिवाळा चारही गावांत आला आहे, कुठे थोडा, कुठे जास्त.