जुन्या फोटोतला सैनिक कोणत्या देशाचा?

आधी टोपीवरचा बिल्ला पाहा

• मुकुट असेल, तर फोटो बहुधा ब्रिटिश अमदानीतला. पण भारतीय, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन अशा अनेक पलटणींच्या बिल्ल्यांवर मुकुट असे. 26 जानेवारी 1950 नंतर भारतीय बिल्ल्यांवर त्याच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले.

• मराठा लाइट इन्फंट्री: बिगूल. ब्रिटिश लाइट इन्फंट्रीतही तो दिसतो.

• महार रेजिमेंट (स्थापना बेळगाव, 1941): सुरुवातीला कोरेगावचा विजयस्तंभ, पुढे कट्यार.

• एका बाजूने दुमडलेली रुंद हॅट: ऑस्ट्रेलियन किंवा गुरखा.

• खांद्यावरची धातूची अक्षरे भिंगातून वाचा. पलटणीचे नाव बहुधा तिथेच सापडते.