माळ्यावरची तपकिरी बाटली

आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर, पितळी समया आणि दोरीने बांधलेली पंचांगे यांच्या आड, एक तपकिरी बाटली किती वर्षे उभी होती हे घरात कोणालाच सांगता येत नसे. तिच्यावरचा कागद कसरीने केव्हाच फस्त केला होता. आजीच्या मते तिच्यात ढेकणांचे औषध होते, काकांच्या मते मोटारीच्या बॅटरीचे ॲसिड, आणि आईच्या मते, आत काहीही असो, मुलांनी तिच्या वाटेस जायचे नव्हते. घराला रंग द्यायचे ठरले तेव्हा माळा रिकामा करणाऱ्या गड्याने ती मोरीत उपडी केली, आणि तेथे सांडलेल्या धुण्याच्या सोड्यावर द्रव पडताच जी फसफस उठली तिच्यावरून काकांचे मत बरोबर होते एवढा निकाल लागला. त्याच्या पायावर शिंतोडे उडाले नाहीत, हे त्याचे आणि आमचेही नशीब.

घातक कचरा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे हिरवट पाणी सोडणारे कारखान्याचे नळ येतात. परंतु ज्या पदार्थाचे नाव पुसले गेले आणि ज्याची मालकी सांगायला कोणी उरले नाही असा पदार्थ हाच, माझ्या मते, त्या कचऱ्याचा सर्वांत भयंकर प्रकार होय. शास्त्राने त्याचे मुख्यतः चार स्वभाव सांगितले आहेत. टर्पेंटाईन, थिनर यांसारखे काही जिन्नस ठिणगीची वाट पाहत असतात, ते ज्वलनशील. धातू आणि कातडी सारखीच खाणारी तीव्र आम्ले व अल्कली संक्षारक. पाण्याशी, हवेशी किंवा शेजारच्या पिंपातील मालाशी गाठ पडताच ज्यांचा तोल जातो ते अभिक्रियाशील. आणि शिसे, पारा, कीटकनाशके यांच्यासारखी मुकाट्याने काम करणारी ती विषारी. यांतील तिसऱ्या स्वभावाचा प्रत्यय घेण्यासाठी कारखान्यात जावे लागत नाही. संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर ही दोन्ही एकाच फडताळात निमूट बसलेली असतात. मात्र अधिक स्वच्छतेच्या हव्यासाने कोणी ती एकत्र ओतली, की कोंडलेल्या न्हाणीघरात क्लोरीन वायू उत्पन्न होतो, आणि स्वच्छता करणाराच खोकत, डोळे चोळत बाहेर धावतो.

कायद्यानेही प्रथम नावालाच हात घातला आहे. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८६ साली, पर्यावरण संरक्षण कायदा झाला, त्याखाली १९८९ साली घातक कचऱ्याचे पहिले नियम आले, आणि २०१६ साली त्यांची नवी घडी बसली. या नियमांप्रमाणे पिंपावर झळझळीत पिवळ्या रंगाची चिठ्ठी लागते, तीवर तांबड्या अक्षरांत, हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेतही, इशारा लिहावा लागतो. माल कारखान्यात साधारणपणे नव्वद दिवसांहून अधिक ठेवता येत नाही. आणि तो रवाना करताना निरनिराळ्या रंगांच्या सात प्रतींचा दस्तऐवज करावा लागतो. त्यातील निळी प्रत माल स्वीकारणाऱ्याच्या सहीनिशी पाठवणाऱ्याकडे परत येते. हीच माल पोहोचल्याची पोच. सरकारी दप्तराची आपण एरवी पुष्कळ थट्टा करतो. येथे मात्र ती निळी प्रतच नसती तर टँकर रात्री कोणत्या ओढ्याकाठी रिकामा झाला असेल, हा प्रश्न विचारण्याचा आधारच नाहीसा झाला असता.

पोहोचलेल्या मालाचे पुढे काय होते? महाराष्ट्रात तळोजे, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे अशा कचऱ्याच्या विल्हेवाटीची केंद्रे आहेत. जाळण्याजोगा माल भट्टीत जातो. तिच्या दुसऱ्या दालनात वायूला सुमारे ११०० अंश उष्णतेत निदान दोन सेकंद कोंडून ठेवतात, मग तो झपाट्याने थंड करतात, कारण सावकाश थंड होताना डायॉक्सिनसारखी विषे पुन्हा जुळून येतात. राख आणि न जळणारा माल चिकणमाती व जाड प्लास्टिकच्या अस्तरांनी बांधलेल्या खड्ड्यात पुरतात, आणि तळाशी झिरपणारे पाणी नळ्यांनी गोळा करून शुद्ध करतात. म्हणजे ‘विल्हेवाट’ या शब्दात आपण जी सुटका कल्पितो ती येथे पुरती नाही. पुरलेल्या मालाची राखण पुढच्या पिढ्यांकडे वारशाने जाते.

ही राखण कोणी केलीच नाही तर काय होते, याची कैफियत भोपाळनेच सांगावी. १९८४ च्या डिसेंबरातील वायुगळतीच्या त्या रात्रीनंतर युनियन कार्बाइडचा कारखाना बंद पडला. परंतु त्याच्या आवारातील कचरा तेथेच राहिला, आणि दावे, आक्षेप व दप्तरदिरंगाई यांत चाळीस वर्षे उलटली. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने चार आठवड्यांची मुदत घातली, तेव्हा १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा बंद कंटेनरांतून ३३७ टन कचरा बंदोबस्तात सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या पीथमपूरच्या भट्टीकडे निघाला. त्यात कीटकनाशकांचे अवशेष होते, अर्धवट तयार माल होता, आणि तब्बल १६२ टन तर विषाने भिजलेली नुसती माती होती. पीथमपूरचे लोक रस्त्यावर उतरले. ज्याला भोपाळ चाळीस वर्षे भीत आले त्याला आपण एका रात्रीत का आपले म्हणावे, या त्यांच्या सवालाला मी तरी अडाणीपणा म्हणणार नाही. पुढे दहा-दहा टन जाळण्याच्या तीन चाचण्या झाल्या, आणि उरलेला माल ताशी २७० किलो या वेगाने जूनअखेरपर्यंत जळत राहिला. जाळताना आम्लवायू मारण्यासाठी चुना मिसळावा लागतो. त्यामुळे उरलेली राख मूळ कचऱ्याहूनही वजनाने अधिक भरली. आणि भोपाळच्या कारखान्याच्या आवारातील दूषित मातीचा अंदाज नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने २०१० च्या सुमारास केला होता, तो सुमारे अकरा लाख टनांचा आहे.

इतक्या मोठ्या आकड्यांपुढे घरातला कचरा क्षुल्लक वाटतो. तरीही २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला आणि सुका यांच्या जोडीला घरगुती घातक कचऱ्याचा तिसरा वाटा निराळा काढला: रंगाचे डबे, सेल, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे, कीटकनाशकांच्या बाटल्या. गतवर्षी आमचा जुना तापमापक फरशीवर फुटला. पाऱ्याचे थेंब झाडूने लोटले तर ते शतधा फुटून फटींत शिरतात आणि तेथून त्यांची अदृश्य वाफ होत राहते, म्हणून खिडक्या उघडून, मुलांना बाहेर काढून, हातमोजे घालून, दोन पोस्टकार्डांनी ते थेंब मी एकमेकांकडे ढकलीत आणले आणि थोडे पाणी असलेल्या काचेच्या बाटलीत घालून घट्ट बूच लावले. दुसऱ्या दिवशी घंटागाडी आली तेव्हा ती बाटली मी गाडीवरच्या माणसाला दाखवली. त्याने ती उजेडात धरून पाहिली आणि मलाच विचारले, “साहेब, हे ओल्यात टाकू की सुक्यात?”

ती अजून माझ्या कपाटात आहे. तिच्यावर मी चिठ्ठी डकवली आहे, ‘पारा’ असे लिहून खाली तारीख घातली आहे, आणि कसर लागू नये म्हणून वरून पारदर्शक पट्टी चिकटवली आहे.