‘कास्ट’च्या शेवटी एक ‘ई’ असतो : आपले इंग्रजी लेखन आणि त्यातील चुका

झेरॉक्सच्या दुकानातील पाटीपासून कॉलेजच्या सूचना फलकापर्यंत एक शब्द सर्रास चुकीचा लिहिलेला दिसतो. जातीच्या दाखल्याला इंग्रजीत ‘कास्ट सर्टिफिकेट’ म्हणतात. त्यातील ‘कास्ट’चे स्पेलिंग सी-ए-एस-टी-ई असे आहे. शेवटचा ‘ई’ गळाला की शब्दच बदलतो. मग त्याचा अर्थ होतो फेकणे, साच्यात ओतणे किंवा सिनेमातील कलाकारांचा संच. ज्या कागदावर आपल्या विद्यार्थ्यांचा प्रवेश आणि शिष्यवृत्ती अवलंबून असते, त्या कागदाचे नावच चुकते आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही.

अशा चुकांबाबत समाजात दोन टोके दिसतात. एक टोक हसणाऱ्यांचे. कार्यकर्त्याने इंग्रजीत चार ओळी लिहिल्या की त्यातील मुद्दा बाजूला राहतो आणि स्पेलिंगवर विनोद सुरू होतात. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्यांना हसणारी मंडळी आपण पिढ्यानपिढ्या पाहिली आहेत. तीच सवय इंग्रजीच्या बाबतीत आपल्यातही शिरली आहे. दुसरे टोक म्हणते, “भावना पोहोचल्या म्हणजे झाले, व्याकरण हवे कशाला?” आम्हाला ही दोन्ही टोके घातक वाटतात. पहिल्याने माणूस लिहायचेच सोडतो. दुसऱ्याने तो लिहितो, पण त्याचा अर्ज वाचणारा त्याला हवे ते समजून घेत नाही.

चूक म्हणजे अडाणीपणा नव्हे

इंग्रजी स्पेलिंग अवघड का, हे आधी समजून घेऊ. मराठीत साधारणपणे जसे बोलतो तसे लिहितो. इंग्रजीत तसे नाही, आणि त्याला इतिहास आहे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडमध्ये पहिला छापखाना सुरू केला. छपाईमुळे शब्दांचे लिखित रूप हळूहळू पक्के होत गेले. नेमक्या त्याच काळात आणि पुढची दोनेक शतके इंग्रजीतील स्वरांचे उच्चार मात्र बदलत होते. बोलणे पुढे गेले, लिखाण मागे राहिले. ‘नाइट’ म्हणजे सरदार, या शब्दाच्या सुरुवातीचा ‘के’ एकेकाळी उच्चारला जात असे. आज तो फक्त कागदावर आहे.

काही अक्षरे तर विद्वानांनी मुद्दाम घातलेली आहेत. कर्ज या अर्थाचा ‘डेट’ शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हता. त्याचे मूळ लॅटिन आहे हे दाखवण्यासाठी पंडितांनी तो घुसवला. इंग्रजीत तो कधी उच्चारलाच गेला नाही, तरी शेकडो वर्षे मुले तो पाठ करत आहेत. पुढे सॅम्युअल जॉन्सनचा शब्दकोश १७५५ मध्ये आला आणि ब्रिटिश स्पेलिंगला वजन मिळाले. अमेरिकेत नोआ वेबस्टरने १८२८ च्या शब्दकोशात ‘कलर’मधला ‘यू’ काढून टाकला. आज दोन्ही रूपे आपापल्या देशात शुद्ध आहेत. म्हणजे स्पेलिंग हा माणसांनी ठरवलेला संकेत आहे. तो शिकावा लागतो, पण त्यावरून कोणाची बुद्धी मोजता येत नाही.

मराठी मनात, इंग्रजी कागदावर

व्याकरणाच्या बऱ्याच चुका आपण मराठी वाक्य जसेच्या तसे उचलल्याने होतात. त्या ओळखता आल्या तर सुधारणे सोपे जाते.

‘मी दोन वर्षांपासून तिथे काम करतो’ हे मराठीत बरोबर आहे. त्यावरून आपण लिहितो, ‘आय वर्क देअर सिन्स टू इयर्स’. इंग्रजीत मागे सुरू होऊन आजही चालू असलेल्या कामासाठी वेगळी रचना लागते : ‘आय हॅव वर्क्ड देअर फॉर टू इयर्स’. किती काळ ते सांगायचे असेल तर ‘फॉर’, कधीपासून ते सांगायचे असेल तर ‘सिन्स’. ‘फॉर टू इयर्स’, पण ‘सिन्स जून’.

‘सर आले होते, ते म्हणाले’ हे मराठीतील आदरार्थी बहुवचन. त्याचे ‘दे सेड’ केले की वाचणाऱ्याला अनेक माणसे दिसू लागतात. इंग्रजीत आदर सर्वनामातून दाखवत नाहीत. सर एकच असतील तर ‘ही’, मॅडम असतील तर ‘शी’. तक्रार अर्जात ही चूक महागात पडते, कारण धमकी एकाने दिली की चौघांनी, हाच तिथे मुख्य प्रश्न असतो.

‘डिड नॉट वेन्ट’ ही आणखी एक नेहमीची चूक. भूतकाळ ‘डिड’मध्ये येऊन गेलेला असतो, म्हणून पुढे साधे ‘गो’ पुरते. ‘विषयावर चर्चा केली’ म्हणून ‘डिस्कस्ड अबाउट’ लिहिले जाते. प्रत्यक्षात ‘डिस्कस’च्या पोटातच ‘विषयी’ आहे, ‘अबाउट’ नको. ‘माझ्यावर रागावला’ म्हणून ‘अँग्री ऑन मी’ होते, तिथे ‘अँग्री विथ मी’ हवे. ‘वन ऑफ माय फ्रेंड’ मात्र मराठीच्या कसोटीवरही टिकत नाही. आपण ‘मित्रांपैकी एक’ म्हणतो, ‘मित्रापैकी एक’ म्हणत नाही. तसेच ‘फ्रेंड्स’.

राहिले ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’. मराठीत हा प्रकारच नाही, त्यामुळे ते गळतात किंवा कुठेही पडतात. ‘अ’ की ‘ॲन’ हे अक्षरावर नव्हे, उच्चारावर ठरते. ‘युनिव्हर्सिटी’चे पहिले अक्षर ‘यू’ असले तरी उच्चार ‘य’ने सुरू होतो, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘आरटीआय’चे पहिले अक्षर ‘आर’ असले तरी उच्चार ‘आ’ने सुरू होतो, म्हणून ‘ॲन आरटीआय ॲप्लिकेशन’. आणि ‘द’ म्हणजे ‘तोच, ज्याच्याबद्दल आपण बोलत आहोत’. ‘ॲन ऑफिसर केम’ म्हटले तर कोणीतरी एक अधिकारी आला. ‘द ऑफिसर केम’ म्हटले तर आधी उल्लेख केलेला तोच अधिकारी आला.

चुकांची प्रतवारी करा

सर्व चुका सारख्या नसतात. आम्ही त्यांचे तीन भाग करतो.

पहिला भाग अर्थ बदलणाऱ्या चुकांचा. ‘कास्ट’ त्यातलाच. ‘प्रिन्सिपल’ दुसरा : शेवटी पी-ए-एल असेल तर प्राचार्य, पी-एल-ई असेल तर तत्त्व. प्राचार्यांना लिहिलेले कितीतरी अर्ज ‘तत्त्वा’ला उद्देशून जातात. ‘लूझ’ म्हणजे गमावणे, त्यात ‘ओ’ एकच. दोन ‘ओ’ घातले की सैल. काळ, वचन आणि सर्वनामाच्या चुकाही याच भागात येतात. यांना माफी नाही, कारण नुकसान आपले होते.

दुसरा भाग अर्थ न बदलणाऱ्या, पण वाचणाऱ्याचा विश्वास कमी करणाऱ्या चुकांचा. ‘टुमारो’मध्ये ‘एम’ एक आणि ‘आर’ दोन. ‘अकॉमोडेशन’मध्ये ‘सी’ही दोन आणि ‘एम’ही दोन. ‘बुद्धिस्ट’मध्ये दोन ‘डी’ आणि मग ‘एच’. निदान स्वतःच्या धर्माचे नाव तरी आपण नीट लिहायला हवे. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती किंवा केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप यांच्या बळावर बाहेर शिकायला जाऊ पाहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. परदेशी विद्यापीठाला आपला चेहरा दिसत नाही, आपले एक-दोन पानी निवेदन तेवढे दिसते.

तिसरा भाग लोक ज्यांना चूक म्हणतात पण ज्या फारशा चुका नाहीत, त्यांचा. मराठी वळणाचा उच्चार, साधे शब्द, छोटी वाक्ये, ब्रिटिशऐवजी अमेरिकन स्पेलिंग. यासाठी कोणी हसले तर हसू द्या. एका लेखनात एकच पद्धत ठेवली म्हणजे पुरे.

एका स्वल्पविरामाची किंमत

विरामचिन्हांकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो. अमेरिकेतील मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरीच्या ट्रकचालकांनी ओव्हरटाइमच्या पैशासाठी दावा केला होता. कोणत्या कामांना ओव्हरटाइम मिळणार नाही, याची यादी राज्याच्या कायद्यात होती. तिच्या शेवटी माल पाठवण्यासाठी किंवा वितरणासाठी पॅकिंग करणे, असा अर्थ निघेल असे शब्द होते. ‘किंवा’च्या आधी स्वल्पविराम असता तर वितरण हे वेगळे काम ठरले असते आणि चालकांचा हक्क गेला असता. तो नव्हता. चालक वितरण करत होते, पॅकिंग करत नव्हते. अपील न्यायालयाने २०१७ मध्ये चालकांच्या बाजूने निकाल दिला आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. व्याकरण ही केवळ साहेबी हौस नाही, कष्टकऱ्यांच्या मजुरीशीही तिचा संबंध येतो, हे यावरून दिसते.

नावाचे स्पेलिंग : शब्दकोश नाही, पण शिस्त हवी

आपल्या नावाला आणि आडनावाला कोणताही इंग्रजी शब्दकोश लागू नाही. ‘गायकवाड’मध्ये ‘के’नंतर ‘ए’ घालायचा की नाही, हे तुम्ही ठरवा. पण एकदा ठरले की शाळेचा दाखला, आधार, बँक पासबुक, जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र या सर्व ठिकाणी एकच रूप हवे. संगणकाला गायकवाड कुटुंब कळत नाही, त्याला फक्त अक्षरे कळतात. एक अक्षर इकडचे तिकडे झाले की अर्ज अडकतो. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नोंद आणि कार्यालयाचे हेलपाटे. वस्तीत पहिलीला प्रवेश घेणारी मुले असतील तर कार्यकर्त्यांनी पालकांसोबत बसून हे एक काम नक्की करावे.

इंग्रजी कुठे हवी, कुठे नको

बाबासाहेबांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ मराठीत काढला आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध केला. वाचणारा कोण, यावर भाषा ठरली. आपणही तोच विचार करावा.

तलाठी कार्यालयात, पोलीस ठाण्यात किंवा समाजकल्याण विभागात इंग्रजीत अर्ज दिल्याने वजन पडते, हा भ्रम आहे. माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ६ नुसार अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. ज्याला लिहिता येत नाही त्याचे म्हणणे लेखी उतरवायला माहिती अधिकाऱ्याने मदत करायची असते. संविधानाचे कलम ३५० तर त्याहून पुढे जाते. गाऱ्हाणे मांडण्यासाठी संघाच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, तिथे वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क ते प्रत्येकाला देते. नेमक्या मराठीतील एक पान मोडक्या इंग्रजीतील तीन पानांपेक्षा जास्त काम करते.

जिथे इंग्रजी लागतेच, म्हणजे नोकरीचा अर्ज, विद्यापीठाशी पत्रव्यवहार, परराज्यातील किंवा आंतरराष्ट्रीय संस्थेला निवेदन, तिथे काही साध्या सवयी उपयोगी पडतात.

एका वाक्यात एकच गोष्ट सांगा. कोण, कधी, कुठे, काय, ही चार उत्तरे पहिल्या परिच्छेदात द्या. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे बहुधा वाक्य चुकलेले असते. स्पेलिंग तपासणाऱ्या सोयीवर विसंबू नका. ‘ई’ नसलेला ‘कास्ट’ हाही इंग्रजीत खरा शब्द आहे, त्यामुळे तो सहज निसटतो. एआयकडून पत्र सुधारून घेतले तर तारखा, नावे आणि घटना मूळ मजकुराशी ताडून पाहा. भाषा गुळगुळीत होताना तपशील बदललेला चालणार नाही. आपल्या हातून वारंवार होणाऱ्या पाच चुकांची यादी वहीत ठेवा. त्या पाच गेल्या की नव्या पाच लिहा.

शेवटची गोष्ट संघटनेत काम करणाऱ्यांसाठी. कोणाची चूक दिसली तर ग्रुपवर चारचौघांत दाखवू नका. त्याला स्वतंत्रपणे सांगा, बरोबर रूप द्या आणि कारणही द्या. महत्त्वाचे निवेदन पाठवण्याआधी दुसऱ्या एकाने वाचायचे, असा नियमच करा. दर रविवारी विहारात किंवा अभ्यासिकेत अर्धा तास बसून एक खरा अर्ज सगळ्यांनी मिळून दुरुस्त केला, तरी वर्षभरात पन्नासेक अर्ज होतात. त्यासाठी वर्ग नको, फी नको. एक फळा आणि एक शब्दकोश पुरेसा आहे.