जाहिरातीचा पैसा आणि कारागिराचे नाव

आपल्या व्यापारी बांधवांचा जाहिरातीवरचा खर्च ठरलेल्या वाटांनी जातो. कॅलेंडर, पिशव्या, ईदच्या शुभेच्छांचे फलक, लग्नसराईत एखादे पत्रक. कला आणि कारागिरीला वाहिलेल्या नियतकालिकाचा माणूस पेढीवर आला की त्याला चहा पाजून वाटेला लावतात. "आमचे गिऱ्हाईक ते वाचत नाही," हे उत्तर तयार असते. हिशेबाच्या दृष्टीने हे उत्तर कितपत खरे आहे, ते मुंबईच्या 'मार्ग' या नियतकालिकाच्या उदाहरणावरून पाहू.

'मार्ग' 1946 साली सुरू झाले. वास्तुरचनाकारांच्या एका अभ्यासगटाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून हे नाव बनले आणि आपल्या भाषांत त्याचा अर्थही निघाला. संस्थापक-संपादक मुल्कराज आनंद हे पेशावरचे, तांबटाच्या घराण्यातले. अशा घराण्यातल्या माणसाने कलेचे नियतकालिक काढावे, यात आम्हाला नवल वाटत नाही. सुरुवातीला टाटांनी जागा दिली आणि जाहिराती दिल्या. तरीही हे कंपनीचे घरगुती पत्रक झाले नाही. त्यात शिल्पे, इमारती, नाच, चित्रे आणि कापड हेच राहिले. 1986 मध्ये ते राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राच्या, म्हणजे 'एनसीपीए'च्या छत्राखाली गेले.

त्या काळी मुंबईतले नवे चित्रकार फाटक्या खिशाचे होते. हुसेन सिनेमाचे फलक रंगवत, रझा ब्लॉक बनवण्याच्या कारखान्यात काम करत, आरा यांनी घरकाम आणि मोटारी धुण्याचे काम केलेले. या मंडळींच्या गटाचे 1949 सालचे प्रदर्शन मुल्कराज आनंद यांच्याच हस्ते उघडले. (चित्रकलेबाबत आपल्यात जी मतभिन्नता आहे ती उलेमांकडे सोपवू, येथे प्रश्न रोजीचा आहे.) विकत घेणारा भेटण्याआधी कुणीतरी बोलणारा, लिहिणारा भेटावा लागतो.

असे नियतकालिक केवळ शौकिनांचे असते, असेही नाही. 1965 साली चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली, ती 'मार्ग'च्याच पानांवर. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि पुढे मशीद बंदरचा बराचसा घाऊक धान्य-मसाला बाजार वाशीला गेला. ज्यांनी तेथे गाळे घेतले त्यांनी तो अंक पाहिला नसेल, पण त्यांच्या धंद्याचा पत्ता तेथूनच बदलू लागला होता.

आता आपल्या मालाकडे येऊ. 1979 मध्ये 'मार्ग'ने कलमकारीवर स्वतंत्र ग्रंथ काढला. कलमकारी हा शब्द फारसी. मछलीपट्टणमला ठशांची छपाई आणि श्रीकालहस्तीला बांबूच्या कलमाने हातरेखाटन, असे तिचे दोन प्रकार. कोरे कापड आधी हिरडा आणि म्हशीच्या दुधात भिजवतात, म्हणजे रंग पसरत नाही. काळा रंग गंजके लोखंड आणि गूळ पाण्यात आंबवून करतात. लाल रंग धरावा म्हणून तुरटी लावतात. मग वाहत्या पाण्यात धुलाई, पुन्हा रंग, पुन्हा धुलाई. हे सारे छापून ठेवलेले असले की स्क्रीनवर एका दिवसात उतरवलेला नकली ताका आणि महिनाभराची मेहनत यांतला फरक दुकानदार गिऱ्हाइकाला दाखवू शकतो. भावातला फरकही मग सांगता येतो.

हिमरूबाबत आमची हीच अडचण झाली. परदेशी माल पाठवणाऱ्या एका खरेदीदाराला आमच्याकडची हिमरू शाल पसंत पडली. सुती ताणा, रेशमी नक्षी, मागच्या बाजूला सुटे धागे. हातमागाची खूण त्याला कळत होती. भावही मान्य होता. त्याने विचारले, विणणारा कोण, आणि या कामावर छापील काही आहे का? आमच्याजवळ बिलबुक होते. त्याने कलमकारीच्या ओढण्या घेतल्या, कारण त्यांच्यासोबत दाखवायला त्याच्याकडे पुस्तक होते. औरंगाबादी हिमरूचे माग किती उरले, हे या धंद्यातल्या लोकांना आम्ही सांगायला नको. उस्ताद गेला की नक्षी बांधण्याचे ज्ञानही त्याच्यासोबत जाते.

मोठ्या कंपनीचा हात पाठीवर नसला तरी नियतकालिक चालते, याचाही दाखला आहे. उर्दू शाळेत शिकलेल्यांना 'शायर' परिचयाचे असेल. सीमाब अकबराबादी यांनी ते 1930 साली आग्र्याला काढले. पुढे मुलगा एजाज सिद्दीकी यांनी ते मुंबईला आणले आणि नंतर नातू इफ्तिखार इमाम सिद्दीकी यांनी 2021 मध्ये इंतकाल होईपर्यंत सांभाळले. तीन पिढ्या! शायरांना मुशायऱ्यात दाद मिळते; पण दूरच्या गावातल्या नवख्याला छापील पान लागते, आणि ते पान कुणाच्या तरी वर्गणीवर उभे असते.

तेव्हा आमचे म्हणणे थोडके आहे. धंद्यासाठी दिलेल्या जाहिरातीचा खर्च हिशेबात खर्च म्हणून धरता येतो. बिल मात्र पक्के घ्यावे. एकट्याला पूर्ण पान झेपत नसेल तर चार पेढ्यांनी मिळून घ्यावे. वर्षभराचे एकदम ठरवावे, म्हणजे संपादकाला कागदाची सोय लावता येते. पैसे उधारीवर ठेवू नयेत. छोटी नियतकालिके आमच्यासारख्यांच्या थकबाकीनेच बंद पडतात. जाहिरात दिली म्हणून आपला फोटो किंवा आपली स्तुती मागू नये. मागायचेच असेल तर एवढे मागावे: तुमच्या मालाचे चित्र छापताना त्याखाली विणणाऱ्याचे, रंगाऱ्याचे नाव आणि गाव छापा. आणि अंक आला की एक प्रत त्याच्या घरी पोहोचवा.