गाडीच्या टपावर सोलर पॅनल: खरंच किती किलोमीटर मिळतात?

‘टपावर सोलर लावा, चार्जिंग विसरा’ अशा रील्स सध्या मोबाईलवर सारख्या येत आहेत. आमच्या शाळेतल्या एका पालकांनी टॅक्सीसाठी कर्ज काढून इलेक्ट्रिक कार घेतली आहे. त्यांना कुणीतरी ५० हजारांचा सोलर किट सुचवला. पालक सभेनंतर ते थांबले आणि विचारलं, “सर, हे खरं आहे का?” प्रश्न मेहनतीच्या पैशांचा आहे, म्हणून हिशोब नीट मांडतो. आठवीच्या मुलालाही जमेल इतकाच तो आहे.

भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर सूर्याची साधारण १,००० वॉट ऊर्जा पडते. चांगलं पॅनल त्यातली २० ते २२ टक्के विजेत बदलतं. आपल्याकडच्या छोट्या कारच्या टपावर पॅनलसाठी दीड चौरस मीटर जागा मिळाली तरी खूप. म्हणजे पॅनल झालं ३०० वॉटचं. महाराष्ट्रात दिवसभराचं ऊन मोजलं तर ते पाच तासांच्या कडक उन्हाएवढं भरतं. ३०० गुणिले ५, म्हणजे दीड युनिट. पण टप सपाट असतो, पॅनल सूर्याकडे कललेलं नसतं. वर धूळ बसते, शेजारच्या इमारतीची सावली पडते, वायर आणि कन्व्हर्टरमध्येही थोडी वीज जाते. हातात येतं एक युनिट, फार तर त्याहून थोडं जास्त. इलेक्ट्रिक कार एका युनिटमध्ये सहा ते आठ किलोमीटर जाते. बस्स, इतकंच.

टॅक्सीवाला दिवसाला शंभरच्या वर किलोमीटर फिरतो. युनिट १० रुपयांचं धरलं तर रोजची बचत १० रुपये. पावसाळ्याचे ढगाळ दिवस वजा करून वर्षाला तीन हजार होतील. ५० हजार वसूल व्हायला जवळपास सतरा वर्षं लागतील, तोपर्यंत ती गाडी तरी राहील का?

मोठ्या कंपन्यांचे आकडेही हेच सांगतात. टोयोटाने २०१७ मध्ये जपानमध्ये प्रियस प्लग-इन हायब्रिडच्या छतावर १८० वॉटचं पॅनल दिलं. कंपनीनेच सांगितलं होतं की त्यातून दिवसाला सरासरी २.९ किमी आणि जास्तीत जास्त ६.१ किमी मिळतील. ह्युंदाईने २०१९ मध्ये सोनाटा हायब्रिडला सोलर छत दिलं, त्याचा दावा वर्षाला १,३०० किमीचा. नेदरलँड्सच्या लाइटइयरने गाडीभर पाच चौरस मीटर पॅनल बसवून चांगल्या उन्हात दिवसाला ७० किमीपर्यंत मजल मारली. किंमत मात्र अडीच लाख युरो. २०२३ च्या जानेवारीत तिचं उत्पादनच थांबलं.

आपल्याकडेही प्रयत्न झाले आहेत. श्रीनगरचे गणिताचे शिक्षक बिलाल अहमद यांनी अनेक वर्षं स्वतःच्या खिशातून खर्च करून सोलर कार बनवली, २०२२ मध्ये तिची देशभर चर्चा झाली. एका शिक्षकाने हे केलं याचा मला मनापासून आनंद आहे. पुण्याच्या वायवे मोबिलिटीची छोटी ‘इवा’ही सोलर छतावर वर्षाला ३,००० किमीपर्यंतचा दावा करते. पण ती मुळातच हलकी, शहरापुरती गाडी आहे. गाडी जितकी हलकी, तितकं तेच ऊन जास्त लांब नेतं. म्हणूनच ई-रिक्षावर हा हिशोब थोडा बरा बसतो. वेग कमी, टप सपाट, आणि एका युनिटमध्ये ती १५ किमी तरी जाते.

आता एक गंमत बघा. पॅनलसाठी गाडी उन्हात उभी करायची. एप्रिल-मेमध्ये मालेगाव किंवा भिवंडीत दुपारभर उभी केलेली गाडी आतून भट्टी होते. मग बसल्या बसल्या एसी फुल. तापलेली गाडी थंड करताना पॅनलने कमावलेल्या विजेतला मोठा वाटा एसीच खातो. शिवाय पॅनल स्वतः तापलं की कमी वीज देतं, आणि जास्त उष्णता बॅटरीलाही मानवत नाही. सावलीत उभी केलेली गाडी कधी कधी जास्त वाचवते!

बाहेरून किट लावण्यात धोकाही आहे. इलेक्ट्रिक कारची मुख्य बॅटरी शेकडो व्होल्टची असते. तिच्या वायरिंगला गल्लीतल्या मेकॅनिकने हात लावू नये, जिवावर बेतू शकतं. कंपनीची वॉरंटी जाते ते वेगळंच. साध्या हायब्रिडमध्ये तर बाहेरून चार्ज करायची सोयच नसते, तिची बॅटरी एका युनिटपेक्षाही लहान असू शकते. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी हेच कारण पुढे करेल.

तेच पॅनल घराच्या छतावर लावा, चित्र बदलतं. तिथे कल नीट देता येतो आणि जागाही असते. एक किलोवॉटसाठी साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि रोज चार युनिट मिळतात, म्हणजे २५-३० किमी. पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटपर्यंत प्रति किलोवॉट ३० हजार आणि तीन किलोवॉट किंवा जास्तीला ७८ हजार रुपये अनुदान आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढावा. सामायिक सोयींसाठी, त्यात गाड्यांचं चार्जिंगही आलं, सोसायटीला प्रति किलोवॉट १८ हजार मिळतात.

एका ठिकाणी मात्र गाडीवरचं छोटं पॅनल उपयोगी पडतं. कोकणात कितीतरी घरी गाडी महिनोन्‌महिने अंगणात उभी असते, कारण चालवणारा आखातात. तो ईदला सुट्टीवर आला की पहिलं काम धक्का मारण्याचं. साधी १२ व्होल्टची बॅटरी उतरलेली असते. १०-२० वॉटचं पॅनल चार्ज कंट्रोलरसकट लावलं तर ती टिकून राहते. फक्त घेण्याआधी बघा की चावी काढल्यावर सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये करंट राहतो का. बऱ्याच गाड्यांत राहत नाही, मग जोडणी थेट बॅटरीला, मध्ये फ्यूज टाकून करावी लागते.