पिपला ताजा ठेवा!

मित्रांनो, पायथन म्हटलं की तुम्हांला अजगरच आठवतो ना? पण पायथन ही संगणकाला कामं सांगायची एक भाषाही आहे. गिडो व्हान रोसम या डच माणसाने ती १९९१ मध्ये जगापुढे आणली. गंमत म्हणजे तिचं नाव अजगरावरून नाही, तर ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून ठेवलंय!

समजा, तुम्हांला पायथनमध्ये चेंडूचा खेळ बनवायचा आहे. चित्र हलवणं, आवाज काढणं, बटण दाबलेलं ओळखणं, हे सगळं पहिल्यापासून लिहीत बसलात तर मे महिन्याची सुट्टी संपून जाईल! पण हे काम कुणीतरी आधीच करून ठेवलंय. अशा तयार संचाला ‘पॅकेज’ म्हणतात. खेळांसाठीचं पॅकेज आहे ‘पायगेम’. अशी लाखो पॅकेजेस ‘पायपीआय’ नावाच्या इंटरनेटवरच्या कोठारात फुकट मिळतात. ती आणून संगणकात नीट बसवतो तो ‘पिप’. तो २००८ मध्ये तयार झाला आणि २०१४ मधल्या पायथन ३.४ पासून बहुधा पायथनबरोबरच येतो.

तुमच्याकडे पिप आहे का? कमांडच्या खिडकीत इंग्रजी अक्षरांत ‘पायथन -एम पिप --व्हर्जन’ असं टाइप करा. आकडा दिसला की समजा, पिप हजर आहे. नसला तर ‘पायथन -एम एन्शुअरपिप --अपग्रेड’ करून पाहा. लिनक्स असेल तर मात्र पिप लिनक्सच्या स्वतःच्या कोठारातूनच घ्यावा आणि ताजाही तिथूनच करावा.

आता तुम्ही विचाराल, “एकदा बसवला की झालं, ताजा कशाला करायचा?” अहो, पॅकेजेस बांधायच्या पद्धती बदलत असतात. जुन्या पिपला नवी बांधणी ओळखता येत नाही, मग तो अडून बसतो. शिवाय दोन पॅकेजेसचं आपसांत जमत नसेल, तर ते नीट तपासायची पद्धत २०२० मधल्या २०.३ या आवृत्तीत आली. नवी आवृत्ती निघाली की बहुतेक वेळा पिप स्वतःच तशी सूचना देतो. मग ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल --अपग्रेड पिप’ एवढं लिहिलं की काम फत्ते!

पण एक धोका पिप ताजा असला तरी टळत नाही. २०१७ मध्ये स्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय सुरक्षा कार्यालयाला पायपीआयवर नकली पॅकेजेस सापडली. खरं नाव ‘यूआरएललिब३’, तर नकली नुसतं ‘यूआरएललिब’! ती बसवली की वापरणाऱ्याचं नाव आणि संगणकाचं नाव गुपचूप बाहेर जात होतं. पिप बिचारा सांगकाम्या. तुम्ही लिहाल तेच तो आणणार! म्हणून एंटर दाबण्याआधी नावातलं अक्षर न् अक्षर वाचा. शुद्धलेखनाचे गुण इथेही कापले जातात बरं का!

आणि आई-बाबांनो, घरच्या संगणकात बँकेची कामं होत असतील, तर नवं पॅकेज बसवताना मुलांच्या शेजारी जरूर बसा. नाव दोघांनी मिळून वाचा.