तीन उन्हाळे

शिर्डीला मी दर्शनासाठी गेले नव्हते. गावाबाहेरच्या एका नव्या कॉलनीत आतेबहिणीनं घर घेतलं, त्याच्या वास्तुशांतीला गेले होते. एप्रिल संपत आला होता. पहाटे चहा घेऊन गच्चीवर आले, तर खाली ओपन स्पेसमध्ये एक माणूस वाकून कसलंसं झाकण उचलत होता, डब्यानं पाणी ओतत होता, झाकण ठेवून पुढं सरकत होता. रोप होतं हातभर अंतरावर, पाणी मात्र जमिनीच्या पोटात जात होतं. राहवेना, म्हणून खाली उतरले. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेली मडकी होती ती. प्रत्येक मडक्याभोवती ओल्या मातीचं काळं कडं उमटलं होतं, आणि वळवाच्या पहिल्या सरीला येतो तसा वास त्या कोरड्या पहाटे येत होता. त्या वासापायी त्यानंतर मी तिथं दोनदा गेले.

सगळी कॉलनी त्यांना मामा म्हणते. वय साठीच्या पुढचं, डोक्याला उपरणं, सायकलच्या कॅरिअरला खुरपं आणि कात्री. पूर्वी ते राहात्याकडच्या पेरूच्या बागेत सालानं होते. बाग गेली, प्लॉट पडले. आता अशा तीन कॉलन्यांची झाडं ते बघतात.

"पाइपानं का नाही सोडत पाणी?" मी विचारलं.

"वरून सोडलं का ऊन पिऊन घेतं, ताई. मडक्याचं झिरपत झिरपत मुळाला जातं. दोन दिवसांनी भरलं तरी चालतं."

न रंगवलेल्या भाजक्या मडक्याच्या अंगाला बारीक छिद्रं असतात. भोवतालची माती सुकली की ती पाणी ओढून घेते, ओली असली की ओढ कमी होते. त्यामुळं पाणी लागेल तेवढंच खर्च होतं. फक्त मडक्यावर झाकण हवं, नाहीतर डास होतात. हा गोदावरीच्या कालव्यांचा मुलूख असला, तरी आहे पर्जन्यछायेत. नांदूर मधमेश्वरहून कालव्याला आवर्तन कधी सुटतं, याकडं शेतकऱ्याइतकंच शहरालाही डोळे लावून बसावं लागतं. कॉलनीच्या बोअरला मे महिन्यात जेमतेम पाणी असतं आणि टँकर आला, तर त्यावर पहिला हक्क घरांचा.

तरीही कॉलनीला लॉन हवंय. बैठकीत कुणीतरी मोबाइलवर बंगळुरूच्या एका सोसायटीचा फोटो दाखवला, तेव्हापासून हवंय. मी तिथल्या तिथं हिशेब केला. उन्हाळ्यात गवताला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरलं, आणि हे कमीच धरलं, तरी १,००० चौरस फुटांना रोज साडेचारशे लिटरांहून जास्त लागतं. मामांनी हिशेब केला नाही. "लान म्हंजे म्हैस पाळायची न् दूध नाही काढायचं," एवढंच म्हणाले.

बाकीचं काम साधं आहे. सकाळी पाणी, मग खुरपणी, पंधरवड्यानं कुंपणाच्या मेंदीची छाटणी. गाजरगवत फुलावर यायच्या आत मुळासकट उपटायचं, त्यानं हाताला खाज सुटते, म्हणून सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत खाली. पाचोळा जाळून टाका असं सांगणारे सभासद आहेत. मामा तो गुपचूप आळ्यात पसरतात. जमीन काळी, त्यामुळं उन्हाळ्यात भेगा पडतात आणि मुळं उघडी पडतात. आच्छादन असलं की भेग कमी पडते. काही ठिकाणी ही काळी मातीसुद्धा नाही. बांधकामाचा राडारोडा टाकून वर मुरूम पसरला होता. तिथं मामांनी टिकावानं दोन-दोन फुटांचे खड्डे घेतले, विटांचे तुकडे वेचून काढले, पोयटा आणि शेणखत भरलं. फाटकाजवळच्या जुन्या कडुनिंबाला मात्र कुणीतरी खोडाला भिडवून पेव्हर ब्लॉक बसवले होते. दुसऱ्यांदा गेले तेव्हा मामा छिन्नी-हातोडा घेऊन एकेक ब्लॉक उचकटत होते. "गळ्याशी आलं व्हतं त्याच्या," म्हणाले.

ही खुली जागा कुणाच्या उदारपणानं सुटलेली नाही. राज्याच्या नियमावलीप्रमाणं ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर लेआउट पाडलं, तर १० टक्के जागा मोकळी सोडावीच लागते. जागा नकाशावर सुटते, तिथं झाड जगवण्याची जबाबदारी मात्र प्रत्यक्षात कुणीच घेत नाही. मग त्या मोकळ्या जागेत कुणाला मंडपाची शेड दिसते, कुणाला पार्किंग, कुणाला छोटंसं मंदिर. पाच जूनला झाडं लागतात आणि त्यांचे फोटो निघतात. सहा जूनला मामा एकटे असतात.

"झाड लावलं म्हंजे झालं का? तीन उन्हाळं काढलं का मग ते आपलं," मामा म्हणाले. हे वाक्य त्यांनी मला तिन्ही भेटींत ऐकवलं. पहिल्या उन्हाळ्यात मूळ वरवर असतं, दुसऱ्यात खाली जायला लागतं, तिसरा निघाला की झाड स्वतःचं पाणी स्वतः शोधतं. तीन उन्हाळे.

हा आकडा ऐकला होता कुठंतरी, पण आठवत नव्हतं. परतीच्या गाडीत आठवलं. 'श्रीसाईसच्चरिता'त साईबाबांच्या बागेची हकिगत आहे. बाबांनी राहात्याहून झेंडू, जाई, जुईची रोपं आणली आणि उजाड जागेत लावली. वामन तात्या रोज दोन कच्चे घडे द्यायचे. बाबा विहिरीचं पाणी खांद्यावरून वाहून स्वतः रोपांना घालायचे आणि संध्याकाळी घडे कडुनिंबाखाली ठेवायचे. भाजलेले नसल्यामुळं ते फुटायचे, आणि दुसऱ्या दिवशी तात्या नवे दोन आणून द्यायचे. हे चाललं तीन वर्षं. तेव्हा कुठं बाग झाली.

ती बाग आज नाही. तिच्या जागी बुटींचा वाडा उभा राहिला आणि १९१८ च्या विजयादशमीला बाबांचं देहावसान झाल्यावर त्यांना तिथंच समाधी दिली गेली. आज लाखो लोक जिथं रांग लावतात, ती एके काळी एका माणसानं पाणी वाहून फुलवलेली फुलबाग होती. आपण त्या कथेतला कच्च्या घड्यांचा चमत्कार लक्षात ठेवतो. रोज खांद्यावरून पाणी वाहणं त्याच कथेत आहे, ते आपल्याला हकिगतीचा तपशील वाटतं.

पुढच्या भेटीत मामांना मी ही गोष्ट सांगितली. ती त्यांना माहीत होती. "बाबांचं पाणी कुणी बंद नव्हतं करीत," एवढं बोलून ते पुढच्या मडक्याकडं वळले. त्यांचा दोन महिन्यांचा पगार थकला होता. वर्गणी गोळा झाली नाही, असं त्यांना सांगितलं होतं. वास्तुशांतीला लावलेल्या मंडपाच्या खर्चात त्यांचे किती महिने बसले असते, हा हिशेब मी मुद्दाम केला नाही.

म्हणून सांगायचं ते कॉलनीत राहणाऱ्यांना. यंदा झाडं लावणार असाल, तर खड्डे मोजण्याआधी तीन वर्षांची वर्गणी गोळा करा. त्यात पहिला खर्च मामांचा पगार, दुसरा मडक्यांचा, आणि फोटोचा सगळ्यात शेवटी. एवढं जमणार नसेल, तर निम्मीच झाडं लावा.

या कॉलनीत दोन वर्षांपूर्वी चाळीस रोपं लागली होती. मागच्या भेटीत मी मोजली, सतरा उभी आहेत. त्यातली सोळा मडक्यांजवळची. त्यांचा तिसरा उन्हाळा अजून यायचा आहे.